पेटीतली सात पोती

प्रिय भिंगरी,

पेटी पुन्हा उघडली नाहीस ना? रविवारी मी फोनवर म्हणालो, माझं पत्र येईपर्यंत तू इथून नेलेल्या आईच्या पेटीला हात लावू नकोस, तुझ्या बारकीलाही लावू देऊ नकोस, तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, बाबा, पेटीत काय नाग बसलाय का? मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. फोनवर मला महत्त्वाचं काही बोलताच येत नाही. तू नुसतं ‘बाबा’ म्हणालीस की मी लगेच हवापाण्यावर येतो, मग तुझ्या गुडघ्यावर, मग जावईबापूंच्या ढेरीवर, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून सकाळी आठलाच लिहायला बसलोय. घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या आहेत. तुझ्या यादीतला पहिला नंबर.

हो, यादी पाळतोय बरं का! आई गेल्यावर तू तीन आठवडे इथे राहिलीस आणि जाताना फ्रीजवर तो कागद चिकटवून गेलीस, तेव्हा मला जाम राग आला होता. बायको गेली त्या घरात मुलगी मला सांगते, फरशीला ॲसिड नको, व्हिनेगर वापरा! डासांची कॉइल नको, जाळी लावा. गरम जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका. चपला दाराबाहेर. भाजीची देठं-सालं कुंडीत. मनात म्हटलं, वा, माणूस गेलं आणि ही कुंडीचं घेऊन बसलीये. पण करायला दुसरं काय होतं मला? केलं. आता मोरी व्हिनेगरने घासतो, घराला लोणच्याच्या बरणीचा वास येतो. कुंडीत सालं टाकून टाकून एक टोमॅटो उगवलाय, म्हणजे रोप, टोमॅटो अजून नाही. शेजारचे शिंपीमास्तर म्हणाले, आयुष्यभर काडी इकडची तिकडे केली नाही आणि आता बघा. खरं आहे त्यांचं. हे सगळं तुझी आई करायची आणि मी नाकाने कांदे सोलत खुर्चीत बसायचो.

तुझा पाचवा नंबर मात्र मला जमेना. ‘कोरडा झाडू मारू नका, धूळ हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसा.’ साधं वाक्य आहे. तू ते कुठल्या मासिकात वाचलंस, का डॉक्टरने सांगितलं, मला ठाऊक नाही. मी पहिल्यांदा वाचलं आणि तिथेच स्टुलावर बसलो. कारण ते मी आधी वाचलेलं होतं, भिंगरी. तेच्या तेच. कारखान्यात आमच्या खात्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लाल रंगाने रंगवलेलं. ‘कोरडं झाडू नका.’ आणि त्याच्याखाली, ‘कामाचे कपडे घरी नेऊ नका.’

तुला कारखाना आठवतो तो बाहेरून, फाटकापासून. आत मी काय करायचो ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही ‘पत्रे बनवतो’ एवढ्यावर भागवलं. पत्रे दुसरे बनवायचे. मी चौदा वर्षं पोती फोडली. ॲस्बेस्टॉस पोत्यांतून यायचं, मऊ, पांढरट, कापसासारखं. आम्ही त्याला कापूसच म्हणायचो. पोतं खांद्यावरून हौदाच्या काठावर टाकायचं, शिवण सुरीने उसवायची, उलटं करून झटकायचं. झटकलं की माणूस दिसेनासा व्हायचा. खाली हौदात सिमेंट आणि पाणी. पाळी संपली की आंघोळ करून, कामाचे कपडे तिथेच कपाटात ठेवून, घरचे घालून निघायचं, असा नियम होता. सत्तर माणसं आणि तीन नळ. रांग संपेपर्यंत कंपनीची बस निघून जायची, मग दीड तास चालत. पहिले काही दिवस मी चाललो. नंतर म्हटलं मरू दे, घरी जाऊन आंघोळ करू. सगळेच तसं करायचे, पण सगळ्यांचं सांगून मी सुटत नाही.

घाई का होती तेही लिहितो, पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा त्यात काडीचा दोष नाही. तू तीन-चार वर्षांची होतीस. मी बसमधून उतरलो की तू क्वार्टरच्या पायऱ्यांवरून भिंगरीसारखी सुटायचीस आणि सरळ माझ्या पायांना मिठी. मग आपला खेळ. तू माझ्या पँटवर दोन्ही हातांनी धपाधप मारायचीस आणि पांढरा धुरळा उठला की खिदळायचीस. ‘पांढरा बाबा आला, पांढरा बाबा आला!’ माझ्या बाहीवर बोटाने पहिलं अक्षर तू तिथेच काढलंस, पाटीवर नव्हे. मला त्याचा केवढा अभिमान होता. मग आई शर्ट-पँट मागच्या पायरीवर नेऊन कठड्यावर आपटायची, झटकायची, तोंडाला पदरही न लावता, आणि मग भिजवायची. रोज. चौदा वर्षं, आठवड्याचे सहा दिवस.

आणि पोती. आता पोत्यांकडे येतो, इतका वेळ टाळत होतो. रिकामी पोती कंपनी जाळायची. एकदा मी एक घरी आणलं, कोळसा ठेवायला. तुझ्या आईचे डोळे असे चमकले! जाड, घट्ट विणीचं कापड, आणि हे लोक जाळतात? तिला काही वाया गेलेलं खपायचंच नाही. बारकीच्या शाळेत त्याला आता टाकाऊतून टिकाऊ म्हणतात, पर्यावरण म्हणतात. ती बिचारी नुसतं ‘असू दे, लागेल’ म्हणायची. महिन्याला चार-पाच पोती आणायला लागलो. ती झटकायची, उकळायची, कडेला निळी शिवण घालून बाजाराच्या पिशव्या शिवायची. पायपुसणी शिवली. तुझ्या गादीखाली थर घातला. अर्ध्या गल्लीला पिशव्या वाटल्या, शिंपीणबाई तर कौतुकाने म्हणायच्या की शिलाई आमची आणि नाव हिचं. तू परवा बारकीला सांगत होतीस ना, की आपण प्लॅस्टिकची पिशवी घेत नाही, हे मी माझ्या आईकडून शिकले? मी फोनच्या या टोकाला ऐकत होतो.

तू दहावीत होतीस तेव्हा कंपनीत एक नवा तपासणी अधिकारी आला. त्याने आम्हाला कँटीनमध्ये बसवून छातीचे फोटो दाखवले आणि सांगितलं की हा कापूस एकदा आत गेला की बाहेर येत नाही. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं गप्प बसतो आणि मग उठतो. घरच्यांनाही होतं. कपड्यांतून, पोत्यांतून. मी त्या दिवसापासून पोती आणणं बंद केलं आणि रांगेत उभा राहून आंघोळ करायला लागलो. उशिरा का होईना शहाणा झालो, म्हणशील. कसला शहाणा! वरातीमागून घोडं. आणि घरी काय सांगितलं माहितेय? सांगितलं, साहेब ओरडतो, आता पोती मिळायची नाहीत. बस, एवढंच. का, ते सांगितलं नाही. तिने चौदा वर्षं हातांनी झटकलेलं, तू अंगाखाली घेऊन झोपलेलं. कसं सांगू? म्हटलं, उगाच जिवाला घोर. काही होणार नाही. मी इतकं खाल्लंय, मला कुठे काय झालंय? आणि ती काय करणार? पोती मिळणार नाहीत म्हटल्यावर उरलेली तिने जिवापाड जपली. सात होती. न धुतलेली, न झटकलेली, मी आणली तशी. ‘बारकीच्या वेळी लागतील’ असं त्या काळी ती म्हणाली नाही, बारकी कुठे होती, पण ‘लेकीच्या बाळंतपणाला लागतील’ म्हणाली होती. घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवली.

गेल्या वर्षी तिला धाप लागायला लागली. सुरुवातीला आम्ही वय म्हटलं, मग दमा म्हटलं. तुला कळवलं ते नंतर, छातीत पाणी झालं तेव्हा. सुई घालून दीड लिटर काढलं, आठ दिवसांत परत भरलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुझ्याहून लहान, पण हुशार. तपासणीचा कागद हातात घेऊन त्यांनी आईला विचारलं, तुम्ही कधी कारखान्यात काम केलंत का? आई म्हणाली, घराबाहेर पाऊल टाकलं नाही हो मी कधी. मग माझ्याकडे वळल्या. तुम्ही कुठे होतात? मी सांगितलं. तुमचे कामाचे कपडे घरी यायचे का? घरी कोण धुवायचं? आणि मी, भिंगरी, आईच्या पलंगाला टेकून उभा राहून म्हणालो, नाही, आमचा धोबी होता.

तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. आईने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि गेल्या. मग आई थांबत थांबत, एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाली, “धोबी बरा मिळाला होता हो तुम्हाला. एक दिवस खाडा केला नाही त्याने.” आणि हसली. तिला सगळं कळलेलं होतं, त्या क्षणी कळलं की आधीच, ते मी विचारलं नाही. माफीही मागितली नाही. रोज म्हणायचो उद्या मागू. मग ती बोलू शकेना, आणि मग ती गेली. तुझ्या फोनमध्ये तिचा शेवटचा फोटो आहे ना, माझा हात धरलेला, ज्याला सगळे ‘किती प्रेम’ म्हणाले? तो तिने धरलेला नव्हता. माझंच बोट सुटत नव्हतं.

मी ठणठणीत आहे. हे लिहायला लाज वाटते. ज्याने चौदा वर्षं तोंडाने, नाकाने खाल्लं तो जिने चढतो, टोमॅटोला पाणी घालतो. जिने फक्त शर्ट झटकले ती गेली. यात कुठला न्याय आहे तो मला कुणी समजावून सांगावा.

मी गप्पच राहिलो असतो गं. खरं सांगतो, मेलो असतो पण बोललो नसतो, इतका भित्रा आहे तुझा बाप. पण रविवारी तू म्हणालीस, बारकीच्या शाळेत प्रदर्शन आहे, पेटीत आईच्या पिशव्या आहेत आणि तळाशी अख्खी पोती सापडलीत, शनिवारी आम्ही दोघी ती अंगणात मस्त झटकून, उसवून, आजीच्या नावाने पडदा शिवणार आहोत. सोमवारी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि धोबी नव्हता म्हणून सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, मला रागावल्यासुद्धा नाहीत. त्यांनी सांगितलं ते लिहितो, तसंच्या तसं कर. पेटी उघडू नकोस. झटकू नकोस, धुऊ नकोस, जाळू नकोस. तुझ्या स्वयंपाकघराच्या दारामागची निळ्या शिवणीची पिशवी ओली कर आणि तीही पेटीबरोबर ठेव. बारकीला घराबाहेर पाठव, खिडक्या लावून घे, आणि अख्खी पेटी जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ, दोनदा, चिकटपट्टीने बंद कर. हो, प्लॅस्टिकमध्ये. तुझ्या घरात ते नसेल, विकत आण. मग नगरपालिकेला फोन करून ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द सांग, त्यांची माणसं येऊन नेतील. जावईबापूंना हातमोजे आणि तोंडाला चांगला मास्क लावायला लाव. आणि ते झालं की या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरकडे जा. तुझ्या छातीत काही नसेल, नसणारच, पण जा. ते विचारतील, तुम्ही त्या कारखान्यात होतात का. नाही म्हण. मग विचारतील, घरी कपडे कोण धुवायचं. तेव्हा तुझ्या बापासारखं करू नकोस. सांग, माझी आई धुवायची. आणि सांग, बाबा घरी आले की मी त्यांच्या पायांना मिठी मारायचे.

तुझाच,
पांढरा बाबा