सरस लावण्यापूर्वी

मी, कु. भागीरथा रूपराव भोयर, वय एकोणीस, शिक्षण मॅट्रिक, राहणार आंजी (मोठी), जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहिते. ‘कोणाच्याही दडपणावाचून’ असे पुढे लिहिण्याची रीत आहे. ते शब्द फक्त या कागदापुरते खरे आहेत.

उद्या माझे लग्न आहे. त्यानंतर समुद्रपूरच्या घरी तांदळांत अंगठीने माझे नवे नाव लिहिले जाईल. ते कोणते, हे मला सांगितलेले नाही. त्या घटकेपासून भागीरथा मयत समजावी.

१. माझी सर्व पुस्तके, शब्दकोशासह, धाकटी बहीण सुलोचना हिला.

२. सुट्या लाकडी भागांची, सन १९३२ च्या अमेरिकन पिकअप मोटारीची अर्धवट प्रतिकृती तिलाच. मामांनी ती नागपूरहून भाऊ ताराचंदसाठी आणली होती. त्याने टाकली, मी उचलली. इंग्रजी सूचना मी मराठीत उतरवल्या आहेत. पहिलीच अशी : प्रत्येक भाग आधी कोरडा बसवून पाहावा, अडेल तेथे घासावा, चिकटवण्याचा सरस सर्वांत शेवटी.

डावे दार उघडते, उजवे अडते. ते कडेने घासावे, बिजागरीकडून नव्हे. तेथे पडलेली फट रंगाने बुजत नाही. आई म्हणते, “काऊन व, किती घासून राह्यली ते दार? चिकटवून टाक ना! कोन बसनार हाये त्यात?” चिकटवू नये.

३. ताराचंदला काही नाही. “गाडी उलटी हाये,” म्हणून त्याने नकाशात डावीकडे असलेले स्टिअरिंग उपटून उजवीकडे चिकटवले. पेडल डावीकडेच राहिले. आता ती गाडी कोणालाच हाकता येणार नाही.

४. मला पाहायला आलेल्या मंडळींनी एक प्रश्न विचारला, “सैपाक येते का?” कॉलेजविषयी मी बोलणार, तोच बाबांनी सुपारी फोडली. याचा दोष मी कोणावर ठेवत नाही. मात्र या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाबांकडे सोपवून एक अट घालते : सुलोचनेला कोरडे बसवून पाहिल्यावाचून कोठेही चिकटवू नये.

लाभार्थीने साक्ष घालू नये, म्हणून सुलोचनेची सही नाही.

सही : भागीरथा रूपराव भोयर
आंजी (मोठी), ६ मे १९५७

साक्षीदार :
१. विमलाबाई देशमुख, शिक्षिका
२. आत्या, निशाणी अंगठा. शाई लावल्यावर त्यांनी विचारले, “कोनत्या नावाचा देऊ व पोरी? इथली तानाबाई, का तिकडची देवकाबाई?”
दोन्ही नावांचे घेतले आहेत.