गाठ माझ्याशी आहे

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. आजारी आहे ते उजवे मनगट, डोके नाही. गुरुवारी हा हात कोपराखाली कापणार आहेत. मी वाचेनच. तरी पहिला टाका घालण्याआधी दोऱ्याला गाठ मारावी, अशी माझी सवय आहे.

१. राहते घर मुलाला. "आई, हात राहू दे, दुसरीकडे दाखवू," असे तो महिनाभर म्हणत होता. दुसरीकडे दाखवले, तिसरीकडेही. हाडाचा नव्हे, मऊ ऊतींचा दुर्मीळ कर्करोग, हात काढल्याशिवाय जायचा नाही, असेच तिघांनी सांगितले. हा विषय घरात पुन्हा काढू नये.

२. दुकान, दाबयंत्र, सुया आणि डिंकाचे भांडे पुतणीला. तिचे टाके सरळ येतात, गाठी मात्र सैल. त्या मी डाव्या हाताने शिकवीन.

३. मीच बांधलेला जाडजूड शब्दकोश माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे पुतणीच्या वडिलांना. दोन वर्षांपूर्वी मनगटावर वाटाण्याएवढी गाठ आली, तेव्हा "वहिनी, ही पाण्याची गाठ, एका फटक्यात बसते," म्हणून त्यांनी हाच तिच्यावर हाणला. सूज आली, उतरली, गाठ तिथेच. पुढे दीड वर्ष मी ती लांब बाहीखाली लपवली. निदान कळल्यापासून भाऊजींनी आमच्याकडे पाऊल टाकलेले नाही.

डॉक्टरांना मी स्पष्ट विचारले. फटक्याने कर्करोग होत नाही, म्हणाले, उशीर नडला. उशीर माझा. भाऊजी, त्या फटक्याचा मला राग नाही. तुम्ही येत नाही याचा आहे, आणि गाठ माझ्याशी आहे.

पुरवणी: एवढे लिहून साक्षीसाठी भाऊजींना निरोप धाडला. ते आले, वाचून खाली बसले. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी फोनवर सांगितले. शब्दकोश किंवा सही, एकच काहीतरी.

"सही करतो, वहिनी," भाऊजी म्हणाले. "आणि गुरुवारी दवाखान्यात मी बसणार."

सबब कलम ३ मधील शब्दकोश पुतणीला द्यावा. तो पुन्हा कोणावर हाणू नये.

ठिकाण: दुकानातील बांधणीचे टेबल
दिनांक: मंगळवार, आठ तारीख

सही, उजव्या हाताची.
तिच्याखाली डाव्या हाताची. वाकडी आहे, पण यापुढे हीच खरी मानावी.

साक्षीदार:
१. शेजारचे छापखानेवाले
२. धाकटे दीर (सही हलली आहे. उजव्या हाताची असून माझ्या डाव्या सहीपेक्षा वाकडी.)