रिव्हॉल्व्हरचा अर्ज

२८ सप्टेंबर २०१९

निवडणूक लागली की बापाची दुनळी बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची. दर वेळची कटकट. नेऱ्याच्या शिवारातलं भात पिकायला आलंय, रानडुकरं रोज शेतात — त्यांना आचारसंहिता लागत नाही!

रांगेत पुढे चुलतभाऊ धर्मराज. कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर असं ठेवलं, जणू सीमेवरूनच आलाय. जमीन विमानतळात गेली, पैसा आला, अक्कल यायची राहिली. माझ्या हातातली दुनळी बघून म्हणतो, "कमळाकर, काठी टेकत आलास का रं?" हवालदारसुद्धा हसला.

माझा रिव्हॉल्व्हरचा अर्ज जूनपासून पडलाय. चौकशीला कधी येतात देव जाणे.

२४ नोव्हेंबर

धर्मराजच्या पोरीची हळद. साहेब पिस्तूल लावून नाचत होते. शर्ट मुद्दाम आखूड शिवलेला. शी.

घरी येऊन रंभाला म्हटलं, माझं रिव्हॉल्व्हर येऊ दे, मग बघ. ती भांडी लावत होती. ऐकलं की नाही कुणास ठाऊक. बायकोला विचारून कोणी हत्यार घेतं का?

१ डिसेंबर

पेपरात आलंय — कायदा बदलणार. माणशी एकच हत्यार. म्हणजे रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर बापाची दुनळी जमा करा, दुनळी ठेवायची तर रिव्हॉल्व्हर विसरा. हे ठरवणाऱ्यांनी जन्मात कधी डुक्कर पाहिलंय का?

बंदुकीच्या दुकानात फोन केला. "साहेब, आत्ताच बुक करा, नंतर रडाल." परवाना हातात नाही आणि हा बुकिंग करतोय. वकिलाला विचारलं, तर "थांबा, बघू." हा काय बघणार? स्वतःच्या सावलीला दचकतो.

४ डिसेंबर

काही ठरत नाही. डोकं फिरलंय. आमटी अळणी, ताट भिरकावलं. रंभाच्या कपाळाला लागलं. दोन टाके. एवढा बाऊ करण्यासारखं काही नव्हतं.

११ डिसेंबर

बदललं! एक नाही, दोन चालणार. दिल्लीतल्या शहाण्यांना दहा-बारा दिवससुद्धा एका शब्दावर राहता येत नाही. असो, माझं काम झालं. दुनळीही राहील, रिव्हॉल्व्हरही येईल. धर्मराजला मुद्दाम फोन करून सांगितलं. बरं वाटलं.

२० डिसेंबर

चौकशी झाली एकदाची. हवालदार आणि सोबत एक शिपाई बाई — सुनंदा नाव. "घरच्यांचा जबाब घ्यावा लागतो," म्हणाली आणि गेली सरळ स्वयंपाकघरात. रंभाला आधीच बजावलं होतं, घरच्यांची संमती आहे एवढंच म्हण.

हवालदाराला हॉलमध्ये बसवून सुरमई खिलवली. बापाने मारलेल्या डुकरांचे किस्से सांगितले. खूश झाला. बाई अर्धा तास आत. कालवणात काय काय घालतात ते लिहून घेत असणार! बायकांच्या जबाबाला किंमत ती काय? पुरुषाने पाच मिनिटांत उरकलं असतं.

१८ जानेवारी २०२०

अर्ज नामंजूर. वर बापाची दुनळी आजच्या आज जमा करा, तिचाही परवाना रद्द का करू नये याचा खुलासा द्या. खाली आधार म्हणून लिहिलंय — पत्नीचा जबाब. नोटीस तीनदा वाचली. सुनंदा शिपाईच घेऊन आली होती.

रंभाला विचारलं, काय सांगितलंस त्यांना? ती पिशवीत लुगडी भरत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

"त्यांनी इचारलं, ते सांगितलं. तुमी कदी इचारलंत?"

आपट्याला, भावाच्या गावी गेली. मी दार अडवणार होतो. पण ती शिपाई बाई अजून जिन्यातच उभी होती.