पेजेविना झोल

आई, तुम्हाला जाऊन एक तप उलटलं. इतक्या दिवसांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसलं की घरातलं कुणीतरी हाक मारतं आणि राहून जातं. आज सगळे आपापल्या कामाला गेले आहेत. सकाळी आपल्या स्वयंपाकघरात जे झालं ते तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या नातवाचं लग्न झालं. सून गोंदियाची, बाजारातल्या घरची, अर्धं हिंदी आणि अर्धं मराठी बोलणारी. मला मम्मीजी म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, म्हटलं कोणाला बोलावतेय ही? पोरगी गुणाची आहे, पण हळूहळू तिने स्वयंपाकघरात पाय टाकणंच सोडलं. कारण तुमचा मुलगा, म्हणजे तिचा सासरा. तिने काहीही रांधलं की तो एक घास घेणार आणि म्हणणार, "चांगलं हाय, पण मायच्या हातची गोष्ट न्यारी." रागाने नाही म्हणत हो, तुमच्या आठवणीनेच म्हणतो. पण त्या पोरीने तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नाही. न पाहिलेल्या बाईशी रोज सकाळी उठून कोण झुंजणार? ती आपली चहा-बिस्किटं घेऊन खोलीत बसायला लागली. मग एके दिवशी तुमचा नातू मान खाली घालून मला म्हणाला, "आई, आम्ही गोंदियाले रूम करून राहू का?" घर तुटतं ते असल्याच लहानसहान बोलण्याने, हे मी शेजारीपाजारी पाहिलं आहे. म्हणून काल मीच तिला म्हटलं, उद्या न्याहारीला मी तव्यावर तांदळाच्या पिठाचे चिले टाकते, सोबत बुडवून खायला टमाटरचा पातळ झोल तू कर.

रात्री पडल्या पडल्या मला माझी इथली पहिली न्याहारी आठवली. मी ज्वारीच्या मुलखातली, भाकरी थापण्यात तरबेज, पण भाताच्या बाबतीत अगदीच ढ. धानाच्या घरात भातावरची पेज गाळून ठेवतात आणि टमाटरचा झोल मिळून यावा म्हणून त्यात पाण्याऐवजी तीच घालतात, हे मला कोण सांगणार? घर लग्नाच्या पाहुण्यांनी भरलेलं. चुलीवर लसूण-जिऱ्याच्या फोडणीत कांदा लाल झालाय, हळद-तिखट पडलंय, बांधावरचे आंबट टमाटर मऊ होऊन तेल सुटायला लागलंय, आणि मी मोठ्या हुशारीने बाजूच्या गंजातलं ते गढूळ पाणी उचलून म्हशीच्या घमेल्यात ओतून येते. तुम्ही आत येता. रिकामा गंज पाहता.

"पेज कोठी गेली व?"

"म्हशीला दिली."

तुम्ही कपाळावर हात मारून घेता. "ज्वारीवाल्यानं पोरगी देल्ली, पण पेज कायले ठेवतेत ते नाही सांगतलं!" आणि एवढं बोलून चिल्याचं पीठ पळीभर घेऊन उकळत्या झोलात सोडता. घाईत त्याच्या गुठळ्या झाल्या. पंगतीत तुमच्या मुलाच्याच वाटीत सगळ्यात मोठी गुठळी आली. त्याने ती चिमटीत धरून विचारलं, "आज झोल असा काऊन लागून राहिला?" मी दाराआड, अंग चोरून उभी. तुम्ही मागे वळूनही न बघता म्हणालात, "मी केला. हात चुकला माहा. खा मुकाट्यानं."

मी पदराआड रडले, आई. मग परसात नेऊन तुम्ही मला पेजेवरून जे फैलावर घेतलंत, त्याचं काही वाटलं नाही. रागावलात ते मला एकटीला, आणि पाठीशी उभ्या राहिलात त्या चारचौघांत. त्यानंतर मी तुमचा झोल असा शिकले की तुमच्या मुलाला हाताहातातला फरक कधी कळला नाही. मी त्यातच धन्यता मानली.

आज सकाळी सुनेने कुकरमध्ये टमाटर उकडले, सालं काढली, मिक्सरमध्ये फिरवले. फोडणी लोण्याची. वर काजूची पेस्ट, चुरलेली कसुरी मेथी. भातही कुकरचा, म्हणजे पेजेचं नाव नको. मग तिने साखरेचा डबा काढला तेव्हा माझा हात शिवशिवला, पण मी तव्याकडे तोंड करून चिले उलटत राहिले. "मम्मीजी, थोडा टेस्ट करके देखो ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "पानातच खाईन, बाई." भीतीच वाटत होती, दुसरं काय.

तुमचा मुलगा खायला बसला. चिल्याचा तुकडा बुडवला, खाल्ला आणि थांबला. पुढचं वाक्य काय येणार ते मला पाठ होतं. "मी केला, हात चुकला माझा," हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तिच्याकडे लक्ष गेलं. ती दाराआड नव्हती. हातात पळी घेऊन, हनुवटी वर करून समोरच उभी होती, जे व्हायचं ते होऊ दे अशी. माझ्या वेळी मला तोंड लपवायला जागा हवी होती, ती तुम्ही दिलीत. हिला तोंड लपवायचंच नव्हतं. मी तुमच्यासारखं बोलले असते तर तिची बोलणी वाचली असती, पण झोल माझा झाला असता.

मी म्हटलं, "तिनं केला. मायच्या हातचा नोहे, माह्याही हातचा नोहे. नसन आवडत तं चिला कोरडा खा."

इतक्या वर्षांत मी तुमच्या मुलाला असं पंगतीत कधी बोलले नव्हते. त्याने वाटी पुसून खाल्ली, हात धुतले आणि जाता जाता पहिल्यांदा थेट तिला म्हणाला, "पुढच्या टायमाले साखर कमी टाकजो व पोरी."

"देखूंगी," ती म्हणाली. सासऱ्याला! आणि हसली. तुमचा नातू ताटात तोंड घालून हसत होता. रूमचं काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील, मी विचारणार नाही.

सगळे गेल्यावर मी एकटीच खायला बसले. एक चिला खाल्ला, मग आणखी एक, मग गंजाला लागलेला झोल बोटाने पुसून खाल्ला. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. तुम्ही समोर असता तर माझी जीभ रेटली नसती. आई, तिचा झोल मला तुमच्यापेक्षा चांगला लागला.