बाई पाणी प्यायला येतायत

आई,

काल आपल्या चर्चच्या मंडळीच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर एका आजींच्या जाण्याची बातमी आली. फोटो, खाली फुलं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची ही लांबलचक रांग. मी ओट्याशी उभी होते, तव्यावर पोळी होती. बातमी वाचली, मीही हात जोडलेले पाठवले, पोळी उलटली. तू हे बघितलं असतंस तर पहिल्यांदा गॅस बंद केला असतास आणि मग माझ्याकडे असं पाहिलं असतंस की मला पुढची पोळी लाटवली नसती. रात्री जेवताना उजवी चप्पल घासत कोणीतरी जिना चढल्यासारखं वाटलं. वरच्या मजल्यावरचे असतील. तरी मी हात धुतले, तांब्या भरला आणि दार उघडून बघितलंच.

रोह्याच्या आपल्या चर्चमध्ये तेव्हा दोन तऱ्हेचे लोक यायचे. एक धाटावच्या कंपन्यांमधले. स्कूटरवरून येणारे, शिफ्ट बदलली तर उपासनेला दांडी मारणारे, ज्यांच्या घरी क्रोशाच्या रुमालाखाली फोन झाकून ठेवलेला असायचा. आणि दुसरे गडबच्या पलीकडचे, खाडीकाठच्या वाड्यांमधले. मिठागरात राबणारे, एसटीच्या वेळेवर ज्यांची प्रार्थना सुरू व्हायची आणि संपायची. या दोघांमधला निरोप म्हणजे तू. कोणी आजारी पडलं, प्रार्थनासभेची वेळ बदलली, कोणी प्रभूजवळ गेलं, की तू छत्री घेऊन निघायचीस. पगार नाही, हुद्दा नाही. बाबा चिडवायचे की पोस्टमन निदान सायकल तरी मिळवतो.

मरणाची बातमी सांगायची तुझी एक रीत होती. दारातून काही म्हणजे काही बोलायचं नाही. आत जायचं, बसायचं, घरात कोण कोण आहे ते बघायचं, बाई एकटी असेल तर शेजारणीला हाक मारायची, आणि मग म्हणायचं, "जरा पाणी दे गो." पाणी पूर्ण प्यायचं. तांब्या खाली ठेवायचा. मग सांगायचं. तोपर्यंत मी पेणच्या शाळेत शिकवायला लागले होते, लग्न होऊन तिथेच राहत होते, आणि सुट्टीत तुझ्याबरोबर यायचे. एकदा तू अशीच पाणी पीत होतीस आणि मी घड्याळाकडे बघितलं, शेवटची एसटी चुकेल म्हणून. परत येताना बांधावर तू मला जे झापलंस ते आठवलं की अजून कान गरम होतात. "एसटी काय, दुसरी येल. तिचा नवरा येणार हाय काय दुसरा? दारातनं सांगलेली बातमी दारातच ऱ्हाते गो. माणसाला पाणी आणाया उठवायचं. उठता उठताच तिला कळतं, आपण फकस्त तोंडानं सांगायचं बाकी असतं." खाडीच्या अंगाला बोलायला लागलीस की तुझी भाषा तुझ्या माहेरची व्हायची.

मग फोन वाढले. चर्चचे पाळकसाहेब मनाने वाईट नव्हते. तुझे गुडघे, उजवी चप्पल घासत चालणं त्यांना दिसत होतं. एका रविवारी उपासनेनंतर ठरलं की यापुढे निरोप फोनवरून, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी जवळचा कोणाचा तरी नंबर. खाडीकडच्यांसाठी गडबला हायवेवरचं किराणा दुकान. दुकानदार मुसलमान, भला माणूस. भाऊ आखातात म्हणून त्याच्याकडे फोन लवकर आला होता. पहिल्याच नाताळात कार्यक्रमाची वेळ आदल्या दिवशी बदलली. फोनवाले वेळेवर आले, दुकानातला निरोप मात्र वाडीवर पोहोचला नाही, आणि खाडीकडची माणसं नवे कपडे घालून पोहोचली तेव्हा हॉलला कुलूप होतं. तू सगळ्यांना घरी नेऊन चहा केलास आणि संध्याकाळी पाळकसाहेबांना म्हणालीस, "फोनवाल्यांचं देवाशीसुदा आदी बोलणं व्हतं वाटतं?" ते हसले, पण त्यांना लागलं.

मरणाच्या बातमीवर मात्र तू अडून बसलीस. साखर-चहापत्तीबरोबर माझ्या माणसांना मरण पाठवायचं नाही, म्हणालीस. शेवटी तोड निघाली. दुकानात फोन करून एवढंच सांगायचं, की बाई पाणी प्यायला येतायत, घरी थांबा. दुकानदार ते कोणाबरोबर तरी वाडीवर कळवणार, आणि मागोमाग एसटीने तू पोहोचणार. कोण गेलं, कसं गेलं, ते तुझ्या तोंडून. सगळ्यांना ही युक्ती पसंत पडली. दोन-तीन वर्षं ती नीट चालली. वाडीवर निरोप पोहोचला की बायका अंगण झाडून, शेजारीण बोलावून बसायच्या. तू दिसलीस की तांब्या भरायच्या.

तू गेलीस तो गुरुवार होता. सकाळी दळण टाकून आलीस आणि पायरीवरच बसलीस, असं बाबांनी नंतर सांगितलं. मला शाळेच्या ऑफिसात फोन आला. वर्ग चालू होता, हाताला खडू होता. मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या मी ऐकलं, "आई प्रभूजवळ गेल्या, लगेच निघा." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि हाताचा खडू साडीला पुसला. ऊन फार होतं, म्हणून चारलाच माती द्यायची ठरली. गर्दी झाली. कंपनीतले लोक आले, पांढरी फुलं आली, दोन गाड्यासुद्धा आल्या. मी कबरस्तानात सारखी फाटकाकडे बघत होते. खाडीकडचं एकही माणूस आलं नाही. मला राग आला, आई. वाटलं, हिने यांच्यासाठी चपला झिजवल्या आणि यांना एक दिवस जमलं नाही.

रविवारी मी चर्चमध्ये तुझ्या जागेवर बसले. उपासना सुरू व्हायच्या आधी, पहिल्या एसटीने, वाडीवरची ती मावशी आली, जिचा एकुलता एक मुलगा गुजरातला बोटीवर असतो. एवढ्याशा दिवसांत ती अर्धी झाली होती. आत न येता पायरीखालीच उभी राहिली. मी बाहेर गेले तशी मला म्हणाली, "बाय आली नाय गो. दुकानातनं सांगून धाडलं, बाई पाणी प्यायला येतायत. गुरुवारपासनं घरानच बसलंय आमी. कामाव कोन गेला नाय. तिनीसांजंला अंगनान चप्पल वाजली. मी बोललं, आल्या. तांब्या घेऊन भायेर आलं त कोनच नाय."

 फोनची साखळी त्या दिवशीही चालली होती. पाळकीणबाई रडत रडत एकेक नंबर फिरवत होत्या, आणि दुकानाला सांगायचं वाक्य एकच ठरलेलं होतं. तेच त्यांनी सांगितलं. निरोप घेऊन जाणारी बाईच गेलीय, हे त्या घाईत कोणाच्याच लक्षात आलं नाही. इकडे आम्ही तुला माती देत होतो आणि तिकडे सगळी वाडी अंगण झाडून तुझी वाट बघत होती. घरी थांबा असं बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर ती माणसं हलणार नव्हती.

मावशीने माझा दंड धरला. "माजा पोर बरा हाय ना? तेवढा सांग. तीन रात्री डोला लागला नाय."

तिला तुझं कळलंच नव्हतं. ती पोराच्या मरणाची बातमी चार दिवस पदराखाली घेऊन बसली होती. "पोराचं काही नाही, मावशी," मी म्हटलं. तिचा श्वास सुटला, ओठ हलले, आभार मानले असतील. पाळकसाहेब दारात येऊन उभे राहिले, काहीतरी बोलणार होते. मी त्यांना हाताने थांबवलं. मावशीला पायरीवर बसवलं, तिच्या शेजारी बसले. तिच्या पिशवीत वाटेसाठी घेतलेली पाण्याची बाटली होती.

"मावशी, जरा पाणी द्या."

तिचा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, तू जिथे उभी राहायचीस त्या खांबाकडे. मग तिने बाटली काढली, झाकण उघडून माझ्या हातात दिली. मी सगळं पाणी प्यायले. मला काही सांगावं लागलं नाही. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तुझं नाव घेऊन असा हंबरडा फोडला की आत वाजणारी पेटी थांबली.

त्या रविवारी उपासना झाली नाही. कंपनीतल्यांच्या त्या दोन गाड्या आणि टेम्पो काढून सगळे वाडीवर गेलो. घराघरात मी बसले, घराघरात पाणी मागितलं. प्रत्येक ओटीवर तांब्या भरलेला होता. संध्याकाळी पोट पाण्याने गच्च झालं होतं. पाळकसाहेब मागे उभे राहून बघत होते. पुढच्या रविवारी त्यांनी दुकानाचा नंबर साखळीतून काढला. त्यानंतर तुझ्या जागी मी जात राहिले.

आता वाडीवरही मोबाईल आहेत, पण म्हाताऱ्यांकडे असतात ते नुसते बोलायचे. ग्रुपवरची फुलं त्यांना दिसत नाहीत. कालच्या आजींची मैत्रीण तिथेच राहते. आज सकाळी जाऊन आले. तिने पाणी दिलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवणार? घडी घालून तुझ्या गीतांच्या पुस्तकात ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. तुझी बातमी मी सगळ्यांना रीतीने सांगितली, पण मला ती कोणी तशी सांगितली नाही. मी उभीच होते, फोन कानाला होता, आणि माझ्याकडे कोणी पाणी मागितलं नाही. म्हणून असेल, आई, मला अजून ते पुरतं कळलेलं नाही. चप्पल वाजली की मी आधी तांब्या भरते.