फांदीला टांगलेला कोट

प्रिय डेल्फीन,

घरी येऊन आठवडा झाला. उजवा हात धड आहे, डाव्याची दोन बोटं डॉक्टरांनी ठेवून घेतली. अक्षर वाईट दिसलं तर थंडीला बोल लावू नकोस, ते पहिल्यापासून तसंच आहे. फोनवर तू नुसती रडतेस आणि मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

त्या दिवशी मी तळ्यावर, बर्फाखालचं जाळं ओढायला गेलो होतो. परतताना हिमगाडी रुतली. वरून कोरडा बर्फ, खाली साचलेलं पाणी. गुडघ्यापर्यंत भिजलो, आणि गाडी उपसायच्या घाईत घामही काढला. घाम आला की थांबायचं, हे तुला शिकवणारा मीच! मग चालत वाटेवरच्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या त्या खोपटाकडे निघालो. आधी दात वाजत होते, पुढे वाजायचे थांबले. मला वाटलं, चला, अंगाला सवय झाली. तिथंच फसलो. थोड्या वेळानं चक्क उकडायला लागलं, मासे धुरवताना शेकोटीला खेटून बसल्यासारखं. मी कोट काढला आणि घरात शिरल्यासारखा नीट फांदीला टांगला.

मी परतलो नाही म्हणून शेजारचा मॉदेस्त शोधत आला, त्याला मी सापडलो तेव्हा खोपट हाकेवर होतं. नाडी लागेना. त्यानं नाकाशी चाकूचं पातं धरलं, त्यावर पुसट वाफ धरली. मग अंडी उचलावीत तसं मला घसरगाडीवर घेतलं, खोपटात नेलं, रेडिओवरून विमान मागवलं. दवाखान्यात डोळे उघडले तर हा समोर, म्हणतो, "मेल्या, मरायचंच होतं तर आधी माझं जाळं परत द्यायचंस!" आणि बाहेर जाऊन ढसाढसा रडला, असं नर्स सांगत होती.

खोपटातली चूल त्यानं एका काडीत पेटवली. ते तुझ्यामुळे. पानगळीत तुझ्या कॉलेजला जाण्यावरून आपलं भांडण झालं, तू तणतणत निघालीस आणि रात्रभर त्या खोपटात राहिलीस. पण सकाळी निघताना पुढच्या माणसासाठी ढलप्या तासून चुलीत रचून गेलीस. एवढ्या रागातही रीत मोडली नाहीस. मॉदेस्त म्हणतो, बारीक तासल्यात, बापापेक्षा बऱ्या.

तू कॉलेज सोडून यायचं तिकीट काढलंस, हेही त्यानंच सांगितलं. गावातली कुजबुजही कळली, की पोरगी गेली म्हणून म्हाताऱ्यानं कोट काढला. पोरी, फार गारठलेल्या माणसाला शेवटी उकडतं, तो कपडे काढतो. तुझ्या तिथल्या कुठल्याही डॉक्टरला विचार. तुझ्यावर रागावलो होतो, अजून थोडा आहे. पण मी मरायला गेलो नव्हतो, घरी यायला निघालो होतो. मला जगायचं होतं आणि तुझ्या ढलप्यांनी जगवलं. तिकीट परत कर. बर्फ फुटला की सुट्टीत ये. चुलीत मी ढलप्या रचून ठेवल्यात, जाड आहेत, हसू नकोस. काडी तू ओढ.

आठ बोटांचा, तरी तुझाच,
बाबा