कागदावर पाच

सोमवार, १४ जुलै

आज सकाळी हजेरी घेतली. 'संचिता' म्हणालो, तशी दर्शना बारीक आवाज काढून म्हणाली, "हजर, गुरुजी." बाकीचे तिघे हसले. मीही हसलो, आणि संचिताची हजेरी मांडली.

संचिता मे महिन्यातच आईबापांबरोबर मोहन्याला राहायला गेली. कागदावर पाच, सतरंजीवर चार. केंद्रप्रमुख जूनमध्ये सांगून गेलेत — "गुरुजी, पट पाचाच्या खाली आला तर यंदा शाळा बंद." पोरांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊक आहे.

मंगळवार, १५ जुलै

संचिताच्या आईचा, नंदाचा फोन. दुसऱ्यांदा. "गुरुजी, इथली शाळा घेत नाही हो तिला. कॉम्प्युटरवर नाव तुमच्याच शाळेत दिसतंय म्हणतात. तेवढं सोडा ना. घरीच बसलीय पोरगी."

म्हणालो, "नेट नाही, ताई. बघतो."

नेट होतं.

बुधवार, १६ जुलै

पोरं सोडली तर दिवसभरात एकच शब्द बोललो. सकाळी शाळेला निघताना, डोंबिवलीला रिक्षावाल्याला — "शीळफाटा."

गुरुवार, १७ जुलै

खिचडी वाढून झाल्यावर ठमाबाई पायरीवर बसली. शाळेची खिचडी तीच रांधते. तिला नंदाच्या फोनचं सांगितलं.

"मंग? ती गेली तिचे पायानं. आमी कुठं जावाचा?" मग म्हणाली, "आमचा गाव ना पालिकेचा, ना पंचायतीचा. नल मागाया गेलो त हे त्यांचेकडं धाडतात, ते यांचेकडं. सरकारचा म्हनून एक ही शालाच हाय. ही गेली त पोरा हायवे कशी पार करतील? डंपर बघलंव ना?"

बघितलेत. रोज बघतो.

शुक्रवार, १८ जुलै

सकाळी देवापुढे बसलो. जपात मन लागेना. चार पोरांसाठी एक खोटं — देव एवढं चालवून घेत असेल, असं महिनाभर समजत होतो. तो चालवून घेत नव्हता, मीच विचारत नव्हतो.

रविवार, २० जुलै

मोहन्याला जाऊन आलो. बायको, अमृता, गेल्यापासून रविवारी कुणाकडे गेलो नव्हतो. पाच वर्षं झाली.

संचिता दारात बसलेली, मांडीवर धाकटा भाऊ. मला बघून उठली, पदराशी खेळावं तसं फ्रॉकचं टोक पिळत उभी राहिली.

"पाढे म्हणतेस का गं?"

"तेरापर्यंत. पुढचे विसरले." मग हसली. "गुरुजी, दर्शना फोनवर सांगत होती. मी तिकडे रोज हजर असते ना?"

नंदा चहा टाकत होती. तिनं वळून पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "साखर कमी का, गुरुजी?"

सोमवार, २१ जुलै

शाळा सुटल्यावर पालकांना थांबवलं. सगळं सांगितलं, माझ्या खोट्या हजेरीसकट. दर्शनाचे वडील काळुराम उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला काय, गुरुजी. बदली होईल तुमची."

खरं आहे.

ठमाबाई टोपं घासत होती. वर न बघता म्हणाली, "सकाल-संध्याकाल देवाला दिवा लावताव, आन गावचा इजवताव."

तेही ऐकून घेतलं. घरी येऊन जेवलो नाही.

मंगळवार, २२ जुलै

सकाळी संचिताचं नाव सोडलं. दाखला लिहून नंदाला दिला. केंद्रप्रमुखांना खरा पट कळवला — चार. जूनपासूनची खोटी हजेरी माझी, असं सहीनिशी लिहून दिलं. त्याखाली अर्ज जोडला: चौघांना हायवेपलीकडच्या शाळेत न्यायला गाडी मिळावी, मिळेपर्यंत मी हात धरून नेईन.